पुढची दोन की चारही?

गाडी कोणती घ्यायची ते ठरलं होतं, रंगही ठरला होता. घोडं अडलं ते माहितीपत्रकातल्या दोन रकान्यांपाशी. मॉडेल तेच, इंजिन तेच, फक्त एकावर फ्रंट-व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पुढच्याच दोन चाकांना) लिहिलेलं आणि दुसऱ्यावर ऑल-व्हील ड्राइव्ह (ताकद चारही चाकांना). दुसरीचे पैसे बऱ्यापैकी जास्त, वजन ७० किलोंनी जास्त आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी.

शोरूममधल्या मुलाने एका वाक्यात निकाल लावला, "मॅडम, ऑल-व्हीलच घ्या, सेफ असते." दादाने तितक्याच ठामपणे उलटा निकाल दिला. "उगाच पैसे घालू नकोस. फ्रंट-व्हील घे आणि त्याला चांगले टायर घाल." दोघंही आपापल्या जागी अगदीच चूक नव्हते. पण मला जे विचारायचं होतं ते दोघांच्याही उत्तरात नव्हतं, कारण दोघांनीही आमचा चढ हिशेबात धरला नव्हता.

आमच्या घरापर्यंतचा शेवटचा दोनेकशे मीटरचा रस्ता कच्चा आणि चढाचा आहे. मध्यावर उजवीकडे वळण, आणि वळणाच्या आतल्या बाजूला पाण्याने कोरून काढलेला चर. कोरड्या दिवसांत कुठलीही गाडी निमूट चढते. पाऊस लागून राहिला की वरची माती साबणासारखी होते आणि आमच्या जुन्या छोट्या गाडीची पुढची चाकं वळणावर जागच्या जागी फिरायला लागतात. गाडी खाली लावून चालत वर जाणं मला जमतं, आईला जमत नाही. तिचे गुडघे तेवढी चढण घेत नाहीत. म्हणजे आईला घेऊन, सामानासकट, ओल्या दिवसात, वळणावर थांबावं लागलं तरी गाडी पुन्हा हलली पाहिजे. मला गाडीकडून हवं होतं ते एवढंच.

हे इतकं बारकाईने मांडण्याचं कारण असं की, "घसरते" म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. गाडी सुटताना किंवा चढताना चाक फिरणं, वळताना गाडी बाहेर फेकली जाणं आणि ब्रेक मारल्यावर न थांबणं. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळण्याचा फायदा पहिल्या गोष्टीत भरपूर, दुसरीत थोडाफार (तोही पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असताना) आणि तिसरीत शून्य. ब्रेक तर कुठल्याही गाडीला चारही चाकांना असतातच. जुनी गाडी कुठे कुठे सटकली ते मी आठवून पाहिलं. मोठ्या रस्त्यावर ती घाबरवायची ती नेहमी ब्रेक मारताना, आणि ते टायर गुळगुळीत व्हायला लागल्यावर. जाग्यावरून हलताना तिने त्रास दिला तो फक्त त्या चढावर. मग शोरूमवाल्याचं "सेफ" माझ्या यादीतून गळलं आणि चढ तेवढा उरला.

मोबाईलमध्ये लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असतं. एक सरळ फळी रस्त्यावर ठेवून तिच्यावर मोबाईल ठेवला. सगळ्यात उभ्या जागी ९ अंश दिसले. म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर जवळजवळ १६ मीटर वर, १६ टक्क्यांचा चढ. डोळ्यांना तो चढ याहून बराच जास्त वाटतो.

मग दादाने कागद घेतला. त्याला असले हिशेब करायला मनापासून आवडतं, आणि या हिशेबाने त्याचंच म्हणणं अडचणीत आलं हे त्यानेच आधी कबूल केलं. हिशेब साधा आहे. गाडीच्या वजनाचा जेवढा वाटा ओढणाऱ्या चाकांवर असेल, तेवढ्याच वजनाची पकड चढायला कामी येते. कोरड्या डांबरावर ही पकड वजनाच्या साधारण ०.८ पट असते, ओल्या डांबरावर अर्ध्याच्या आसपास, निसरड्या चिखलावर ०.३ धरू, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ आणि गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर ०.१. आडवं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असल्यामुळे फ्रंट-व्हील गाडीचं रिकामं असताना साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. ०.३ गुणिले ०.६ म्हणजे ०.१८. कागदावर ही गाडी १८ टक्क्यांचा चढ चढेल. पण चढावर वजन थोडं मागे सरकतं, त्यामुळे प्रत्यक्षात सतराच धरा. आमचा चढ १६. चढेल, पण जेमतेम.

आता गाडी भरा. मागच्या सीटवर तिघं, डिकीत शंभरेक किलो. मागे बसलेल्यांचा बहुतेक भार मागच्या चाकांवर जातो. डिकीतलं सामान तर मागच्या चाकांच्याही पलीकडे असल्याने पुढची बाजू किंचित उचलतं. पुढचा वाटा ६० वरून ५० टक्क्यांवर येतो आणि चढण्याची ताकद चौदा-पंधरा टक्क्यांवर. म्हणजे एकटी मी वर पोचेन आणि आईला घेऊन निघाले की अडकेन. चारही चाकं ओढत असतील तर सगळंच वजन कामाला येतं, भार पुढे असो की मागे, आणि मर्यादा थेट ३० टक्क्यांवर जाते.

"मग मी उलटी चढवीन," मी म्हणाले ते चेष्टेत. दादा हसला नाही. रिव्हर्समध्ये चढताना ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि सरकणारं वजन त्यांच्यावरच येतं. भरलेली गाडीसुद्धा कागदावर १६ टक्क्यांपर्यंत पोचते. पुढे ट्रायलच्या दिवशी त्याने हे करून दाखवलंही. सरळ तोंडाने न हललेली गाडी रिव्हर्समध्ये कुरकुरत वळणाच्या वर आली. अडल्या वेळी माहीत असावी अशी युक्ती आहे. पण रोज मान मागे वळवून, चराच्या कडेने, अंधारात? नको.

कागदावरचं ०.३ हे धरलेलं आहे, हे मला खुपत होतं. त्यामुळे शोरूमला सांगितलं की ट्रायल आमच्या चढावर, पाऊस पडून गेल्यावर आणि दोन्ही गाड्यांची एकाच दिवशी हवी. त्यांनी आढेवेढे घेतले, शेवटी गाड्या धुऊन परत करण्याच्या बोलीवर हो म्हणाले. आधी दोन्ही गाड्यांचे टायर बघितले. कंपनी तीच, माप तेच, नक्षी तितकीच खोल. हे बघितल्याशिवाय केलेल्या तुलनेला अर्थ नाही. एकीचे टायर झिजलेले आणि दुसरीचे नवे असतील तर आपण टायरचीच परीक्षा घेत असतो.

फ्रंट-व्हील गाडी मी एकटीने, खालूनच थोडा वेग घेऊन चढवली. वळणावर डॅशबोर्डवरचा घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा दोन-तीनदा लुकलुकला, स्टिअरिंग हातात जरा थरथरलं आणि गाडी वर गेली. दुसऱ्या खेपेला मुद्दाम वळणावर थांबले. हँडब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटर दिला तर उजवं चाक चरातल्या पातळ चिखलात गरगरलं, डावं जागचं हललं नाही. दोन चाकांच्या मधलं साधं डिफरन्शिअल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) दोन्हीकडे सारखाच जोर देतं, आणि एका चाकाला पकड नसली की दुसऱ्याच्या वाट्यालाही तेवढाच फुसका जोर येतो. मग ट्रॅक्शन कंट्रोलने फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला. खर्र-खर्र असा आवाज आला, जोर डाव्या चाकाकडे गेला आणि गाडी गचके खात निघाली. तिसऱ्या खेपेला आई, दादा आणि वहिनी मागे, डिकीत पाण्याने भरलेले वीस लिटरचे पाच कॅन. त्याच जागी थांबून निघायला गेले तर गाडी पुढे जाईना. तिचं तोंडच हळूहळू चराकडे सरकायला लागलं. आई मागून म्हणाली, "पुरे गं बाई, मला उतरू दे."

तिला उतरू दिलं नाही. सगळ्यांना ऑल-व्हील गाडीत बसवलं, कॅनही हलवले. त्याच जागी थांबले, हँडब्रेक सोडला. क्षणभर पुढची चाकं फिरल्यासारखी वाटली, बुडाखालून एक हलकासा धक्का जाणवला आणि गाडी चालायला लागली. सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

खरी बघण्यासारखी गोष्ट होती उतरताना. ताशी १५ किलोमीटरला मी दोन्ही गाड्यांचे ब्रेक एकाच झाडापाशी दाबले. दोन्हींत पायाखाली एबीएसची तीच तडतड, दोन्हींत ब्रेक दाबूनही गाडी सरकत राहण्याचा तोच नकोसा काळ. थांबायच्या जागेत मला फरक काढता आला नाही. हिशेबानेही तेच येतं. ०.३ पकडीच्या सपाट चिखलावर १५ च्या वेगाला थांबायला तीन मीटर लागतात. १६ टक्क्यांच्या उतारावर निम्म्याहून जास्त पकड गाडी नुसती धरून ठेवण्यातच खर्ची पडते, म्हणून सहा मीटरांच्या पुढे. हा आकडा दोन्ही गाड्यांना सारखाच.

चढताना फ्रंट-व्हीलची चाकं गरगरतात तेव्हा ती आपल्याला काहीतरी सांगत असतात: रस्ता निसरडा आहे, येताना जपून. ऑल-व्हील ती सूचना गिळून टाकते. ती इतकी सहज निघते की रस्ता कोरडाच आहे असं वाटावं, आणि पहिला ब्रेक दाबेपर्यंत खरं कळत नाही. "सेफ" या शब्दावर माझा राग आहे तो यासाठी. बर्फाच्या प्रदेशात गाडी चालवणाऱ्यांना तर हे जास्तच लागू. ताशी ५० ला ०.२ च्या पकडीवर थांबायला ४९ मीटर लागतात, टायर बदलून पकड ०.३ झाली तर ३३. हे मधले सोळा मीटर टायर देतो, ड्राइव्ह देत नाही. साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. ज्याचा प्रश्न थांबण्याचा आहे त्याने जास्तीचे पैसे तिथे घालावेत.

दादाचा टायरचा मुद्दाही तपासला, नाहीतर त्याने आयुष्यभर ऐकवलं असतं. त्याच्या स्वतःच्या फ्रंट-व्हील गाडीला खोल नक्षीचे, जवळजवळ नवे टायर आहेत. ती तशीच भरून त्याच चढावर आणली. सरळ भागात थांबून व्यवस्थित निघाली. वळणावर चरात चाक गेल्यावर मात्र थोडं मागे येऊन, वेग घेऊन काढावी लागली. म्हणजे टायरने नव्वद टक्के काम केलं हे मान्य. राहिलेले दहा टक्के नेमके आई गाडीत असतानाचे. शिवाय नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि चिखल बाहेर फेकायचं काम तीच करते. ती अर्ध्यावर आली की आजचा निकाल उद्या लागू राहत नाही. ठरलं ते दोन्ही: गाडी ऑल-व्हील, आणि कंपनीचे टायर झिजले की नंतर दादाच्या पसंतीचे.

एवढ्यावर सही करायला हरकत नव्हती, पण चारही चाकं फिरतात म्हणजे नक्की कशी हे बघायचं राहिलं होतं. आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये त्याच मॉडेलची जुनी ऑल-व्हील लिफ्टवर होती. मेकॅनिक काकांनी बॅटरी घेऊन खालून दाखवली. पुढच्या गिअरबॉक्सला चिकटून एक छोटी पेटी, तिथून ताकद नव्वद अंशांत वळून मागे जाते. मग लांब शाफ्ट. आणि मागच्या डिफरन्शिअलच्या अगदी तोंडाशी नारळाएवढी एक डबी. त्या डबीत तेलात बुडवलेल्या क्लचच्या चकत्या असतात. साध्या रस्त्यावर त्या सैल राहतात आणि गाडी जवळजवळ फ्रंट-व्हीलच असते. चाकांच्या वेगातला फरक दिसला, किंवा अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला, की कॉम्प्युटर चकत्या एकमेकींवर दाबतो आणि मागची चाकं कामाला लागतात. बुडाखालून जाणवलेला तो हलका धक्का म्हणजे ही डबी.

ऑल-व्हील या एकाच पाटीखाली बरीच वेगवेगळी यंत्रं विकली जातात हे तिथे कळलं. १९८० साली आलेल्या ऑडी क्वाट्रोमध्ये चारही चाकांना कायम ताकद जायची, आणि मधलं व मागचं डिफरन्शिअल लॉकही करता यायचं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरायच्या. आजच्या आडव्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत आमच्यासारखी गरजेपुरती जोडणी असते. टोयोटाच्या ई-फोर हायब्रिडमध्ये पुढून मागे शाफ्टच जात नाही, मागच्या अ‍ॅक्सलला वेगळी इलेक्ट्रिक मोटर असते. आणि जुन्या पठडीच्या, लिव्हर ओढून फोर-व्हील करायच्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शिअलच नसतं. त्या कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये चालवायच्या नसतात, कारण वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरमध्ये अडकून बसतो. त्यामुळे पाटी वाचून गप्प न बसता मी शोरूममध्ये तीन गोष्टी विचारल्या. कायम चारही चाकं की गरजेपुरती? लॉक करायचं बटण आहे का, आणि ते किती वेगापर्यंत टिकतं? क्लच तापला तर गाडी काय करते? तिसऱ्याचं उत्तर मॅन्युअलमध्ये सापडलं. फार वेळ चाकं फिरवत ठेवली तर मागची जोडणी स्वतःहून सुटते आणि थंड होईपर्यंत परत लागत नाही. खोल वाळूत खेळणाऱ्यांसाठी ही मोठी उणीव आहे. दोनशे मीटरच्या चढाला ती आड येत नाही.

ग्राउंड क्लिअरन्स दोन्हींत मिलिमीटरभरही वेगळा नव्हता. चारही चाकं फिरतात म्हणून गाडी खड्ड्यावरून उंच जात नाही, बूड टेकायचं तिथे टेकतंच. डिकीची तळफळी मात्र ऑल-व्हीलमध्ये वर आलेली, कारण खाली मागचं डिफरन्शिअल बसवलंय. पूर्ण मापाच्या स्टेपनीच्या जागी बारकं तात्पुरतं चाक. वहिनीच्या लक्षात पहिल्यांदा आलं ते हेच.

काकांनी तेलाचं बजावलं. मागच्या डिफरन्शिअलचं तेल वेगळं, त्या डबीचं वेगळं, आणि पुढच्या पेटीचंही वेगळं. "कंपनी म्हणेल आयुष्यभर बदलायला नको. कुणाच्या आयुष्यभर ते विचारा." डबीतल्या तेलात चकत्यांची झीज साचत जाते आणि दाब देणारा पंप त्यानेच आजारी पडतो, असं त्यांचं म्हणणं. जुनी ऑल-व्हील घेणाऱ्याने तर या तेलाची पावती मागितल्याशिवाय पुढे बोलू नये. गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढत न्यायची नाही, सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची, हेही त्यांनीच सांगितलं. उरलेली दोन चाकं रस्त्यावर फिरत राहिली की शाफ्ट फिरतो आणि डबीची वाट लागते.

दादाने पुढे त्याच मॉडेलची गाडी घेतली, फ्रंट-व्हील. त्याचा सगळा रस्ता डांबरी आणि सपाट. मला त्यात काही खटकलं नाही, वाचलेल्या पैशांत त्याने टायरच वरच्या दर्जाचे घातले. अ‍ॅव्हरेज त्याला माझ्यापेक्षा जास्त मिळतं आणि तो ते न चुकता सांगतो.

माझ्या गाडीने आजवर चढावर दगा दिलेला नाही. डोकेदुखी झाली ती टायरची. मागच्या डाव्या टायरला कडेला काप गेला, पंक्चरवाल्याने हात टेकले. टायरवाला म्हणाला, एक नवा घालू. मी नक्षी मोजायची काडी मागितली. बाकीच्या तिघांची खोली ४ मिलिमीटर उरली होती, नव्याची ८. चार मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात आठ, म्हणजे नवं चाक बाकीच्यांपेक्षा एका टक्क्याहून थोडं जास्तच हळू फिरणार. त्या डबीच्या कॉम्प्युटरला हा फरक घसरणाऱ्या चाकासारखा दिसू शकतो, आणि चकत्या विनाकारण घासत राहतात. मॅन्युअलमध्ये चारही टायरच्या नक्षीत फार तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालेल असं लिहिलं होतं. फ्रंट-व्हील असती तर मागे जोडीने दोन नवे घालून भागलं असतं. मी चारही बदलले. उरलेल्या तिघांतला एक चांगला बघून रिमसकट घरी ठेवलाय, पण तो ४ मिलिमीटरचा टायर आता नव्या चौघांबरोबर चालणार नाही. नवे झिजून सहाच्या आसपास आले की मग तो स्टेपनी म्हणून उपयोगी पडेल.